शेतकऱ्याची जीप आणि कशेडीची चढण

रायगड जिल्ह्यातील पोलादपूर आणि रत्नागिरी जिल्ह्यातील खेड या दोन तालुक्यांच्या सीमेवर कशेडीचा घाट आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला हा घाट म्हणजे वळणे, धुके आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी एवढाच परिचित असतो. घाटाच्या दोन्ही अंगांना वसलेल्या वाड्यांतील शेतकऱ्याला मात्र त्याची ओळख वेगळी आहे. खताचे पोते वर चढवायचे कसे, झोडलेले भात खाली आणायचे कसे, आणि आजारी माणूस डांबरी सडकेपर्यंत न्यायचा कसा, हे त्याचे तीन प्रश्न होत. वर्षानुवर्षे त्यांचे उत्तर डोक्यावरचा भारा, बैल आणि डोली हेच होते. पुढे त्यात जीपगाडीची भर पडली.

आज या भागात जीपची नवी पिढी दिसू लागली आहे. रुंद चाकांची, वातानुकूलित, स्पर्शाने चालणारा पडदा असलेली, चकचकीत रंगाची ही गाडी गणेशोत्सवात चाकरमान्यांबरोबर येते आणि काही घरांच्या अंगणात कायमचीही उभी राहते. मूळ जीपने शेतीची कामे केली होती, तेव्हा तिची ही नवी वंशज तीच कामे अधिक चांगल्या रीतीने करील, असा समज साहजिकच रूढ झाला आहे. हा समज कितपत खरा, याची तपासणी ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांनी करणे अगत्याचे आहे. कारण अशा खरेदीच्या वेळी शेतकरी सल्ला विचारतो तो बहुधा यांनाच.

युद्धातून शेतात

जीपचा जन्म रणांगणावरचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी १९४१ पासून मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपत आले तेव्हा एवढा मोठा उत्पादनव्याप पुढे चालवायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला. विलिस कंपनीने शेतकऱ्याकडे दृष्टी वळविली. १९४५ मध्ये बाजारात आलेल्या 'सीजे-२ए' या नागरी जीपची जाहिरात शेतीचे सर्वकामी यंत्र म्हणूनच करण्यात आली. या गाडीला अवजारे ओढण्यासाठी मागे दांडी बसविता येई आणि इंजिनाची शक्ती बाहेर काढून मळणी, पाणी उपसणे किंवा लाकूड कापणे यांसाठी पट्टा जोडण्याची सोयही घेता येई. सकाळी नांगरणी, दुपारी बाजार आणि रविवारी चर्च अशी तिची कल्पना होती.

इंग्लंडात हीच गोष्ट थोड्या निराळ्या रीतीने घडली. रोव्हर कंपनीचे अभियंते मॉरिस विल्क्स हे वेल्समधील अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर युद्धातून उरलेली एक जीप वापरीत असत. ती मोडली तर पुढे काय, या विचारातून लँड रोव्हरची कल्पना निघाली. ३० एप्रिल १९४८ रोजी अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. त्या काळी ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. म्हणून तिची अंगकाठी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची करण्यात आली. गंजत नाही, हा त्या धातूचा गुण मागाहून लोकांच्या ध्यानात आला. टंचाईतून सोय निघते, तिचे हे एक उदाहरण होय.

भारतात महिंद्र बंधू आणि गुलाम मुहम्मद यांनी १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' ही संस्था स्थापन केली. गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये संस्थेचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे बदलले. स्वातंत्र्याच्या सुमारास या संस्थेने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास कार्यक्रमास आरंभ झाला, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात पंचायत राज्य अवतरले. गटविकास अधिकारी, आरोग्य केंद्र, वनखाते, पाटबंधारे या सर्वांची जीप खेड्यात येऊ लागली. 'जीप आली' म्हणजे 'साहेब आले' हे समीकरण त्या काळात इतके पक्के झाले, की जीपचा मान हा बराचसा तिच्यातून उतरणाऱ्या माणसाचा मान होता, ही गोष्ट लोक विसरून गेले. आज कर्ज काढून जीपच्या घराण्यातली गाडी घेणाऱ्या तरुणाच्या मनात या जुन्या समीकरणाचा अंश नसेलच, असे म्हणवत नाही.

नांगराने सोडलेला प्रश्न

जीपने शेती केली, या समजुतीला इतिहासाचा आधार फार थोडा आहे. सीजे-२ए नांगर ओढू शकत असे, हे खरे. तथापि तिचे वजन कमी, चाके लहान आणि इंजिन मंद गतीच्या सततच्या ओढीसाठी बनविलेले नव्हते. हॅरी फर्ग्युसन यांचा लहान ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडात तयार होऊ लागला. यंत्राच्या मागे अवजार उचलून धरण्याची द्रवदाबाची त्याची पद्धत एवढी सोयीची ठरली, की नांगरणीच्या कामात जीप किंवा लँड रोव्हर त्याच्यापुढे टिकू शकली नाही. भारतातही जीप बनविणाऱ्या संस्थेनेच १९६३ मध्ये ट्रॅक्टरसाठी इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी सहकार्य करून वेगळा कारखाना काढला. नांगरणीसाठी जीप पुरेशी असती, तर जीप विकणाऱ्यांना ट्रॅक्टरच्या कारखान्याची गरज भासली नसती.

म्हणजे शेतात नव्हे, तर शेतापर्यंत, हे जीपचे खरे क्षेत्र ठरले. माणसे, बी-बियाणे, खत, औषधफवारणीचा पंप, दुधाचे कॅन, आंब्याच्या पेट्या, वासरू आणि प्रसंगी बाळंतीण यांना रस्ता नसलेल्या ठिकाणी नेणे, हे काम तिने चांगले केले. त्याला तिची बांधणी कारणीभूत होती. चारही चाकांना गती देणारी यंत्रणा, चढणीसाठी 'छोटा गिअर', लोखंडी पाट्यांवर बसविलेला सांगाडा, कापडी टप, आणि मागे समोरासमोरचे दोन बाक. बाक दुमडले की पोती ठेवायला जागा होई. मोडतोड झाली तर तालुक्याच्या गावचा मिस्त्री पाना आणि हातोडीने ती दुरुस्त करी. १९७९ पासून प्यूजो कंपनीच्या परवान्याखाली डिझेल इंजिन आले आणि १९८५ च्या सुमारास 'एमएम ५४०' ही गाडी बाजारात आली. ग्रामीण महाराष्ट्रात 'जीप' म्हटल्यावर आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती हीच पिढी. पुढे कमांडर, आर्माडा, बोलेरो आणि स्कॉर्पिओ अशा पायऱ्यांनी या घराण्याचा प्रवास हळूहळू शहराकडे होत गेला.

२०१० मध्ये आलेल्या पहिल्या 'थार'मध्ये जुन्या जीपचे बरेचसे गुण शिल्लक होते. मागे पाटे होते, समोरासमोरचे बाक होते, आणि साध्या इंजिनाचा एक स्वस्त प्रकारही होता. २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आलेल्या दुसऱ्या थारने रूप जुने ठेवले आणि आतील सर्व काही बदलले. पाट्यांच्या जागी वेटोळ्या स्प्रिंगा आल्या, मागे पुढे तोंड केलेली दोन स्वतंत्र आसने आली, टपही पक्का झाला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल निःसंशय चांगला आहे. धडकेच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले. आडव्या बाकावर बसणाऱ्याला जुन्या जीपमध्ये असे कोणतेही संरक्षण नव्हते. मात्र आसने सुधारली तशी पोत्यांची जागा गेली. १५ ऑगस्ट २०२४ रोजी आलेल्या पाच दारांच्या प्रकारात जागा वाढली, पण ती कुटुंबाच्या प्रवासासाठी.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जानेवारी २०२३ मध्ये या गाडीचा तुलनेने स्वस्त प्रकार निघाला. त्यात दीड लिटरचे डिझेल इंजिन आहे, पण गती फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. म्हणजे ज्या गुणामुळे जीप ही जीप झाली, तोच गुण या प्रकारात नाही. चिखलातून वाट काढील या भरवशावर केवळ आकार पाहून ती घेणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्याच पावसाळ्यात सत्य कळते. खरेदीपूर्वी सल्ला देणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न हाच: किती चाकांना गती मिळते?

इंग्लंडातील शेतकऱ्याने काय केले

लँड रोव्हरची कथा याहून बोलकी आहे. १९७० मध्ये आलेली रेंज रोव्हरदेखील आरंभी पाण्याच्या नळीने आतून धुता येईल अशी, प्लास्टिकच्या अंतर्भागाची गाडी होती. पुढील दशकांत चामडी आसने, लाकडी सजावट आणि गालिचे आले. तिची साधी बहीण, जिला पुढे डिफेंडर हे नाव मिळाले, ती तशीच राहिली आणि ब्रिटनमधील सॉलिहल येथे २९ जानेवारी २०१६ रोजी तिचे उत्पादन थांबले. दरम्यान २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार व लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या विकत घेतल्या होत्या. २०१९ मध्ये जाहीर झालेली नवी डिफेंडर स्लोव्हाकियातील नित्रा येथे तयार होते. ती जुन्या डिफेंडरपेक्षा अधिक वेगवान, अधिक सुरक्षित आणि खडतर वाटेवरही कमी नव्हे तर अधिकच समर्थ आहे, असे तज्ज्ञ म्हणतात. परंतु तिचे वजन दोन टनांहून अधिक आहे आणि भारतात तिची किंमत कोटीच्या घरात जाते.

ब्रिटिश शेतकरी या काळात स्वस्थ बसला नाही. मालवाहू पाठ असलेले जपानी बनावटीचे पिकअप आणि शेतातल्या शेतात फिरण्यासाठी अगदी हलकी चारचाकी वाहने यांकडे तो वळला. म्हणजे एका गाडीकडून होणारी दोन कामे त्याने दोन स्वस्त साधनांत वाटून टाकली. जुन्या डिफेंडरची उणीव भरून काढावी म्हणून उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी 'ग्रेनेडियर' नावाची मुद्दाम साधी गाडी काढली. फ्रान्समधील हांबाख येथे २०२२ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. तिच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोकेही ठेवली आहेत. किंमत मात्र सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यापलीकडचीच राहिली. साधेपणासुद्धा महाग होऊ शकतो.

खाचराच्या बांधाशी

आता पुन्हा कशेडीकडे वळू. या पट्ट्यात वार्षिक पर्जन्यमान तीन हजार मिलिमीटरच्या वर जाते. जमीन डोंगरउताराची, भाताची खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी, आणि वरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी. राब भाजणे, पेरणी, चिखलणी, लावणी, कापणी आणि झोडणी या क्रमात चारचाकी वाहनाला खाचरात शिरण्याचा प्रसंग कधीच येत नाही. शिरल्यास बांध फुटतो आणि चाकोरीत पाणी साचते. चिखलणीचे काम बैलजोडीचे किंवा पॉवर टिलरचे. बैलजोडी सांभाळणे दिवसेंदिवस कठीण होत असल्याने पॉवर टिलर, आणि त्याच्याच मागे जोडलेली लहान ट्रॉली, ही कोकणातील अनेक गावांत ओळखीची गोष्ट झाली आहे.

वाहनाचे काम आहे ते खाचरापासून घरापर्यंत आणि घरापासून बाजारापर्यंत. वाडीची जुनी पाखाडी दगडी पायऱ्यांची. तिच्यावरून कोणतेच चाक जात नाही. पाखाडीच्या जागी किंवा तिच्या बाजूने जेथे कच्चा रस्ता निघाला, तेथे त्याची रुंदी बेताची असते. युद्धकाळातील मूळ जीप सव्वापाच फुटांहून किंचित कमी रुंद होती आणि वजनाला एक टनाच्या आसपास. सध्याची थार जवळजवळ सहा फूट रुंद आहे, नवी डिफेंडर साडेसहा फूट. पाच फुटांच्या आतली रुंदी आज आढळते ती लहान मालवाहू टेम्पोत. २००५ मध्ये टाटा मोटर्सने बाजारात आणलेला आणि लोकांनी 'छोटा हत्ती' हे नाव दिलेला टेम्पो हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याची मूळ वहनक्षमता पाऊण टनाची, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या सोळा गोण्यांची. तेवढ्या गोण्या नव्या आलिशान जीपमध्ये भरण्याचा विचार तिचा मालक करणार नाही, आणि केला तर आसनांची काळजी त्याला खाईल.

अर्थात टेम्पोला मर्यादा आहेत. ओल्या मातीच्या चढणीवर मागची चाके जागच्या जागी फिरतात. या बाबतीत जपानचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथील भातशेतीही लहान तुकड्यांची आणि पुष्कळ ठिकाणी डोंगरउतारावरची. तेथील शेतकऱ्याने मोठी जीप स्वीकारली नाही. कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत, म्हणजे ६६० घनसेंटिमीटरचे इंजिन, ३.४० मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ३५० किलो माल, एवढ्यात बसणारा छोटा ट्रक त्याने पसंत केला, आणि त्यात चारही चाकांना गती देणारे प्रकार सर्रास मिळतात. कर कमी, विमा कमी, वळणाला जागा कमी. आपल्याकडे लहान टेम्पो आहेत आणि चारही चाकांच्या गाड्याही आहेत. दोन्ही गुण एकत्र असलेले स्वस्त वाहन मात्र कोकणच्या शेतकऱ्याला आजवर सहज उपलब्ध झालेले नाही. वाहन उद्योगाची राजधानी असलेल्या पुणे आणि नाशिक येथून कशेडी फार दूर नाही, ही यातली खंत.

देशी कल्पकतेची उणीव आहे, असेही नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने भंगारातील सुटे भाग जुळवून, पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. २०२१ च्या अखेरीस तिची छायाचित्रे देशभर पोहोचली. ती रस्त्याच्या नियमांत बसत नसल्याने तिच्या मोबदल्यात त्याला महिंद्र उद्योगसमूहाकडून नवी बोलेरो देण्यात आली. ही घटना कौतुकाची म्हणून सांगितली जाते. तिच्यातला दुसरा अर्थ असा, की खेड्यातील माणसाला हवी असलेली गाडी लहान, हलकी आणि गावातच दुरुस्त होणारी होती.

दुरुस्तीचा मुद्दा किरकोळ नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जनाची मानके लागू झाली. हवेच्या दृष्टीने ती आवश्यकच होती. त्यामुळे नव्या डिझेल गाड्यांना धूरकण अडविणारी गाळणी आली. इंजिन पुरेसे तापून काही काळ सलग चालले, की गाळणीतील काजळी जळून जाते. वाडीपासून सडकेपर्यंत आणि परत, अशा तुटक फेऱ्यांत ती साचत राहते. मग इशाऱ्याचा दिवा लागतो, आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी संगणक असलेल्या अधिकृत केंद्राकडे जावे लागते. पाना-हातोडीवाल्या मिस्त्रीचा तेथे इलाज चालत नाही.

हिशेबाची बाजू

प्रश्नाचे मर्म अखेर हिशेबात आहे. उदाहरणादाखल असे धरू, की एखाद्या कुटुंबाने अशा गाडीसाठी १२ लाख रुपये कर्ज द.सा.द.शे. ९ टक्के व्याजाने सात वर्षांच्या मुदतीवर घेतले. मासिक हप्ता सुमारे १९,३०० रुपये होतो. वर्षाचे २ लाख ३१ हजारांहून अधिक. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण भाताची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरविण्यात आली. म्हणजे केवळ हप्त्यापोटी वर्षाला जवळजवळ ९८ क्विंटल भात विकावे लागेल. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीचे क्षेत्र १.३४ हेक्टर आहे. हेक्टरी ३० क्विंटल उत्पादन धरले, तरी तेवढ्या क्षेत्रातील सर्व भाताची किंमत सुमारे ९५ हजारांच्या पुढे जात नाही. त्यातून बी, खत, मजुरी वजा व्हायची आहे, घरच्यांनी जेवायचे आहे. आणि गाडीचे डिझेल, विमा, टायर यांचा खर्च अजून धरलेलाच नाही. भातशेतीच्या उत्पन्नावर ही गाडी उभी राहत नाही. ती उभी राहते मुंबईहून येणाऱ्या पैशावर, महाडच्या औद्योगिक वसाहतीतील पगारावर किंवा जमिनीच्या मोबदल्यावर.

या शेवटच्या बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी या मार्गालगतच्या जमिनी संपादित झाल्या आणि खातेदारांना मोबदला मिळाला. एकरकमी पैसा हाती आला, की पहिली नजर वाहनाकडे जाते, हा अनुभव महाराष्ट्राच्या अनेक भागांतला आहे. जमीन ही पिढ्यान् पिढ्या राहणारी वस्तू. गाडी दारात आल्या दिवसापासून उतरत्या किमतीची. मोबदल्याच्या पैशातून विहीर, काजूची लागवड, शेततळे, मुलीचे शिक्षण किंवा घराची दुरुस्ती यांपैकी काही झाले आणि उरलेल्यातून वाहन आले, तर कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. क्रम उलटा झाला, की काही वर्षांनी गाडीही जुनी होते आणि सातबाराही कोरा राहतो. असा सल्ला रक्कम बँकेत जमा होण्यापूर्वी द्यावा लागतो. नंतर तो ऐकायला कोणी थांबत नाही.

कररचनेनेही शेतीची साधने आणि ऐषआरामाची वाहने यांत स्पष्ट रेषा ओढली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि मालवाहू वाहनांवरील कर २८ वरून १८ टक्के झाला. चार मीटरहून लांब किंवा दीड लिटरपेक्षा मोठ्या डिझेल इंजिनाच्या मोटारींवर मात्र ४० टक्के कर आहे. चारही चाकांना गती देणारी डिझेल थार या वरच्या गटात मोडते. मागच्या दोन चाकांवर चालणारा तिचा छोटा प्रकार १८ टक्क्यांत बसतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून ट्रॅक्टर, पॉवर टिलर व अवजारे यांना ४० ते ५० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. जीपला नाही, आणि ती नसण्यात काही अन्याय झाला असेही म्हणता येत नाही.

हप्ते फेडण्यासाठी खाजगी गाडी भाड्याने प्रवासी नेण्यास लावण्याचा मोह अनेकांना होतो. घाटमाथ्यावर ज्याला 'वडाप' म्हणतात, तोच हा प्रकार. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे भाड्याने वाहतूक करणाऱ्या वाहनाला परवाना आवश्यक आहे. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याचे प्रवासी असताना अपघात घडला, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते आणि भरपाईचा बोजा मालकाच्या घरावर येऊ शकतो. उलट लहान मालवाहू टेम्पो रीतसर परवान्याने चालविणे तितकेसे अवघड नाही. साडेसात हजार किलोंपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

जेथे जीप हवीच

या सर्व विवेचनाचा अर्थ चारही चाकांच्या गाडीला येथे स्थानच नाही, असा नव्हे. रुग्णवाहिका, वनरक्षकांची गस्त, वीजवाहिनीची दुरुस्ती यांसाठी ती हवी. आंबा-काजूची मोठी बाग उतारावर असलेल्या बागायतदाराला ती उपयोगी पडते. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीला प्रारंभ झाल्यापासून कोकणातील अनेक उतारांवर अशा बागा उभ्या राहिल्या आहेत. कृषी पर्यटनाचे राज्याचे धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. प्रतापगड आणि महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळीचा रस्ता पोलादपूरहूनच निघतो. पाहुण्यांना डोंगरावर नेण्याचा व्यवसाय परवाना घेऊन करणाऱ्याला आरामदायी जीप हे भांडवल ठरेल. त्याचा हिशेब भाताच्या क्विंटलमध्ये मांडण्याचे कारण नाही.

आपत्तीच्या वेळी जीप कामी येईल, हा युक्तिवाद मात्र तपासून घ्यावा. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले आणि महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. मदतपथकांना घटनास्थळी पोहोचण्यास विलंब झाला, तो वाहने दुबळी होती म्हणून नव्हे. रस्तेच दरडींनी आणि पाण्याने बंद झाले होते म्हणून. नवी थार ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असे तिची निर्माती सांगते. सावित्रीच्या पुराची खोली याहून किती अधिक असते, हे महाडकरांना सांगावयास नको. वाहत्या पाण्यात तर त्याहून कमी खोलीही गाडी ढकलून नेण्यास पुरेशी असते. चारही चाकांवरील विश्वास अशा वेळी उलट घातक ठरतो.

गेल्या काही वर्षांत रस्त्यांची स्थिती पालटली आहे, ही बाबही जमेस धरली पाहिजे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेला डिसेंबर २००० मध्ये आरंभ झाला आणि तिच्या व नंतरच्या राज्य योजनांच्या द्वारे अनेक वाड्या डांबरी सडकेने जोडल्या गेल्या. कशेडी घाटाखालून सुमारे दोन किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे खोदण्यात आले. २०२३ च्या गणेशोत्सवापूर्वी त्यांतील एकातून हलक्या वाहनांची वाहतूक सुरू झाली, तेव्हा घाटातील वळणांचा वेळ वाचला. गंमत अशी, की रस्ते जसजसे सुधारत गेले, तसतशा खडतर वाटेच्या गाड्या अधिक दिसू लागल्या. ज्या काळात वाडीला खरोखर जीप हवी होती, त्या काळात ती घेण्याची ऐपत नव्हती.

आज अडचण उरली आहे ती सडकेपासून खाचरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याची. शेतरस्ते व पाणंद रस्ते यांसाठी रोजगार हमीशी सांगड घातलेली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. कोकणात पाणंद या शब्दाऐवजी पाखाडी किंवा वाट म्हणतात, म्हणून ही योजना आपल्यासाठी नाही, असे मानण्याचे कारण नाही. याखेरीज शेतकऱ्यांच्या गटाने किंवा महिला बचत गटाने अवजारांचे भाडे-केंद्र काढून पॉवर टिलर, मळणीयंत्र आणि एक लहान टेम्पो सामाईक ठेवल्यास, वर्षातून मोजके दिवस लागणाऱ्या वाहनाचा खर्च एका घरावर पडत नाही. टेम्पोसाठी अनुदान मिळाले नाही, तरी टिलर व अवजारे यांचे अनुदान घेता येते.

ग्रामसभेपुढे शेतरस्त्याचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी सदस्यांनी शिक्षकांच्या व वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या मदतीने प्रत्येक वाटेची रुंदी, चढ, ओढे आणि वळणे टेपने मोजून नकाशावर नोंदवून घ्यावीत. ही मोजणी एप्रिल-मे महिन्यांत पुरी झाली, तर १ मे च्या ग्रामसभेत किंवा फार तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तिची नोंद होऊ शकेल. भूगोलाच्या तासाला तो एक उत्तम पाठही होईल. पाच फुटी टेम्पो, सहा फुटी जीप आणि साडेसहा फुटी परदेशी गाडी यांपैकी कोणते वाहन कोणत्या वाटेने कोठवर जाईल, हे त्या नकाशावरून कोणालाही वाचता येईल.